वाडा, सिडको आणि 'आम्ही आपले मध्यमवर्गीय'

नाशकात श्रीमंत कोण, याचं उत्तर देणाऱ्याच्या पत्त्यावर ठरतं. अशोकनगरच्या वन रूम किचनमधून गंगापूर रोडचा फ्लॅटवाला गडगंज दिसतो. तोच फ्लॅटवाला हप्त्याचा आकडा सांगून 'आम्ही आपले मध्यमवर्गीय' म्हणतो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

जुन्या नाशकात गोंधळ वेगळा होता. वाड्याचा मालक म्हणजे बडी असामी, असा समज. पण 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधली. माळवद गळायचं, भिंतीला टेकू लागायचे; डागडुजी करायची तर भाड्यातून काय सुटणार? 31 मार्च 2000पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. पन्नास रुपये भाडं असेल तर दोन रुपये! कागदावर मालक श्रीमंत आणि गावठाणातल्या मोक्याच्या जागी स्वस्तात राहणारा भाडेकरू गरीब, असा तो हिशेब.

मोजमाप बदललं ते पगाराने. नाशिकरोडला नोटा-मुद्रांकांची प्रेस, ओझरला विमानं बनवणारा एचएएल कारखाना, मग सातपूर आणि अंबडची एमआयडीसी. ठरल्या तारखेला पगार मिळणारा माणूस कर्ज फेडू शकतो, हा भरवसा त्यातून आला. सिडको या सरकारी नगरवसाहत महामंडळाने याच भरवशावर नवीन नाशिक वसवलं: सहा योजना, आणि उत्पन्न गटाप्रमाणे घराचं माप. अत्यल्प, अल्प, मध्यम हे सरकारी शब्द माणसांना असे चिकटले. आज उत्तमनगर-पवननगरच्या गल्ल्यांत त्या मापाचं मूळ घर शोधावं लागतं. खाली दुकान, वर मुलाचा संसार, त्यावर भाडेकरू, आणि बाहेरून चढणारा अरुंद लोखंडी जिना. वाढीव बांधकामाला महापालिका काहीही म्हणो, पगार वाढला तशी घरं वर गेली.

सरकारच्या व्याख्या मात्र गमतीच्या. पंतप्रधान आवास योजनेत वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब आर्थिकदृष्ट्या दुर्बल. व्याज अनुदानासाठी एके काळी 18 लाखवालाही 'मध्यम'च होता. 2024च्या दुसऱ्या टप्प्यात ती मर्यादा 9 लाखांवर आली. जीएसटीच्या हिशेबात 1 एप्रिल 2019पासून 45 लाखांपर्यंतचं, बांधकाम चालू असलेलं घर 'परवडणारं', कर 1 टक्का. नाशिक महानगरांच्या यादीत नाही, म्हणून इथे घराचं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र, 90 चौरस मीटरपर्यंत चालतं.

आता कागद-पेन्सिल घ्या. 45 लाखांच्या घराला 20 टक्के, म्हणजे 9 लाख, पदरचे घातले तरी 36 लाखांचं कर्ज उरतं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे 31 हजार. तीन लाखवाल्या कुटुंबाची महिन्याची सगळी कमाई 25 हजार.