पोस्टमार्टेमला न सापडणारा मृत्यू

रात्री जेवून झोपला, सकाळी उठलाच नाही. वय तिशीचे, दुखणे काही नाही. आपल्याकडे अशी बातमी ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ या ठरलेल्या शब्दांत संपते. फार तर व्हिसेरा राखून ठेवल्याची एक ओळ येते. झटका म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबणे, आणि उतारवयातल्या अचानक मृत्यूंमागे बहुधा तेच असते. पण रक्तवाहिन्या मोकळ्या, झडपा ठीक, विष नाही आणि तरीही माणूस गेला, असेही घडते. त्यातल्या एका मोठ्या कोड्याचा माग अमेरिकेतल्या लाओशियन निर्वासितांच्या मृत्यूंपासून लागतो.

ह्मोंग ही लाओसच्या डोंगरांतली जमात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएने त्यांना आपल्या छुप्या लढाईत उतरवले. १९७५ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर हजारो कुटुंबे मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेली आणि तिथून मिनेसोटा, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत पोचली. १९७७ पासून त्यांच्यातले तरुण पुरुष झोपेत मरू लागले. घरच्यांनी सांगितलेले बहुतेक सारखेच: मध्यरात्री घुसमटल्यासारखे कण्हणे, घरघर, आणि मग कितीही हलवले तरी जाग नाही. एकट्या १९८१ मध्ये २६ जण गेले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली. त्यात एक सोडून सगळे पुरुष होते.

तर्क पुष्कळ लढवले गेले. युद्धातला विषारी वायू, थायमिनची (ब१ जीवनसत्त्वाची) कमतरता, परक्या देशातला ताण. ह्मोंग म्हाताऱ्यांचे म्हणणे वेगळे होते: रात्री छातीवर येऊन बसणारे भूत, ‘दा चो’. गावी पूर्वजांचे विधी होत तेव्हा ते दूर राही, इथे विधीच बंद पडले.

हसण्यासारखे त्यात काही नाही, कारण या मरणाला आशियात आधीपासून नावे होती. फिलिपिन्समध्ये ‘बांगुंगोत’, उठणे आणि कण्हणे या दोन शब्दांतून ते बनले असे सांगतात. तिथल्या वैद्यकीय लिखाणात त्याची नोंद १९१७ पासून आहे. भरपेट जेवून लगेच आडवे होऊ नये आणि झोपेत धरल्यासारखे झाले तर पायाचा अंगठा हलवावा, हा तिथला घरगुती सल्ला. जपानमध्ये ‘पोक्कुरी’. ईशान्य थायलंडमध्ये ‘लाय ताय’: विधवेचे भूत पुरुषांना उचलून नेते अशी समजूत, म्हणून तिला फसवायला काही पुरुष लिपस्टिक लावून, बायकांचे कपडे घालून झोपत. १९८० च्या दशकात सिंगापूरमध्ये बांधकामावर गेलेले थाई मजूरही असेच झोपेत मरत होते.

शोध अडला होता पोस्टमार्टेमच्या टेबलावर. चिरल्यावर दिसते ती हृदयाची बांधणी. त्याचे ठोके चालवणारी वीज माणसाबरोबरच विझलेली असते. म्हणून उत्तर मेलेल्यांकडून मिळणे अवघडच होते, ते वाचलेल्यांकडून आले. १९८४ मध्ये सिअॅटलच्या डॉक्टरांनी अशा तिघांची माहिती छापली. मदत पोचली तेव्हा त्यांचे हृदय बंद पडलेले नव्हते, नुसते थरथरत होते. अशा थरथरीत रक्त पुढे ढकलले जात नाही.

१९९२ मध्ये पेद्रो आणि जोसेप ब्रुगाडा या स्पॅनिश डॉक्टर भावांनी आठ रुग्णांचे ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचे आलेख, मांडले. त्यांच्याच नावावरून या विकाराला ब्रुगाडा सिंड्रोम म्हणतात. पहिला धागा होता पोलंडहून आलेला तीन वर्षांचा मुलगा. तो वारंवार बेशुद्ध पडे, आणि त्याची बहीण आधीच अचानक गेली होती. अशा आलेखात छातीच्या उजव्या बाजूच्या तारांनी (लीड) टिपलेली रेषा खाली यायच्या ठिकाणी वरच राहते आणि मग घसरगुंडीसारखी उतरते. १९९७ मध्ये हाच आलेख ‘लाय ताय’मधून बचावलेल्या थाई पुरुषांत सापडला. १९९८ मध्ये हृदयाच्या पेशींत सोडियमची ये-जा सांभाळणाऱ्या जनुकातला दोष हाती लागला. तो सगळ्याच रुग्णांत मिळत नाही. वीसेक टक्क्यांत मिळतो. २००३ च्या थाई चाचणीत एका गटाला हृदयाची गती आवरणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या दिल्या, दुसऱ्याच्या छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे थरथर सुरू होताच विजेचा धक्का देणारे यंत्र, बसवले. गोळ्यांच्या गटात मृत्यू झाले, दुसऱ्यात एकही नाही.

अडचण अशी की हा आलेख रोज दिसत नाही. तापात उमटतो, एरवी लपतो. भरल्या पोटीही तो ठळक होतो, म्हणजे फिलिपिन्सच्या आज्या जेवणाबाबत अगदीच चुकत नव्हत्या. तंत्रज्ञ ईसीजीच्या चिकटपट्ट्या नेहमीपेक्षा एक-दोन बरगड्या वर लावून बघतात. तरीही संशय राहिला तर युरोपात लपलेला आलेख उघडा पाडणारे अजमलीन हे औषध शिरेतून देतात. डॉक्टर कागदावर डोळे ठेवून उभे, डिफिब्रिलेटर शेजारी तयार, आणि दोष असेल तर काही मिनिटांत सरळ रेषा डोळ्यांदेखत वर चढते.

हे अजमलीन मूळचे आपल्या सर्पगंधा या औषधी वनस्पतीच्या मुळातले. १९३१ मध्ये दिल्लीत रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दिकींनी ते वेगळे केले आणि हकीम अजमल खानांचे नाव त्याला दिले.