मालगाडीचे तुटणारे कपलिंग आणि कसारा घाट : पार्श्वभूमी

मालगाडीचे कपलिंग तुटले आणि वाहतूक खोळंबली, ही बातमी नाशिककरांना नवी नाही. जुलै 2024 मध्ये कसाऱ्याजवळ पंचवटी एक्सप्रेसचेही कपलिंग सुटून डबे वेगळे झाले, तेव्हा रोज मुंबईला जाणाऱ्या नोकरदारांनाही या लोखंडी जोडाचे महत्त्व कळले. अशा घटनेनंतर चर्चा होते ती खोळंब्याची. पण हा जोड का तुटतो आणि तो पुन्हा कसा जुळवला जातो, हे समजून घ्यायचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने 1 जानेवारी 1865 रोजी थळ घाटातील, म्हणजे आजच्या कसारा घाटातील, मार्ग खुला केला. त्या काळच्या चारचाकी वॅगनांना ब्रिटिश पद्धतीचे हुक आणि धक्का झेलणारे बाजूचे बफर असत, आणि पुढे दीर्घकाळ मळसूत्री कपलिंगचा वापर झाला. या कपलिंगमध्ये दोन कड्यांच्या मध्ये उलटसुलट आट्यांचा दांडा असे आणि तो फिरवला की दोन्ही वॅगन एकमेकांकडे ओढले जात. त्याची ताकद मर्यादित होती, परंतु दुरुस्तीच्या दृष्टीने एक सोय होती. प्रत्येक वॅगनच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र कपलिंग असल्यामुळे एक तुटले तर समोरच्या वॅगनचे लटकते कपलिंग हुकात अडकवून गाडी पुढे नेता येई. ही सोय मात्र माणसाच्या जिवावर उभी होती, कारण जोडणी करणाऱ्याला दोन बफरांच्या मधल्या जागेत शिरावे लागे. या कामात जायबंदी झालेल्यांची आठवण रेल्वेच्या इतिहासात फारशी ठेवली गेली नाही, याची खंत वाटते.

अमेरिकेतही हीच स्थिती होती. तेथे ईलाय जॅनी यांनी 1873 मध्ये स्वयंचलित कपलरचे पेटंट घेतले. दोन हातांची वाकवलेली बोटे एकमेकांत गुंतावीत, तशी या कपलरची पोलादी बोटे आपटताच अडकतात आणि माणसाला मध्ये उभे राहावे लागत नाही. ते सक्तीचे करण्यासाठी तेथील संसदेला 1893 मध्ये कायदा करावा लागला. भारतात ही पद्धत सेंटर बफर कपलर या नावाने आली आणि मोठ्या, आठचाकी बोगी वॅगनांबरोबर रुळली. जुन्या आणि नव्या वॅगनांची सरमिसळ असेपर्यंत दोन्ही प्रकारांशी जुळणारे संक्रमणकालीन कपलरही वापरावे लागले.

कपलर मजबूत झाला तशा गाड्याही लांबल्या, आणि घाटातला प्रश्न कायम राहिला. बॉक्सएन या वरून उघड्या प्रकारच्या भरलेल्या एका वॅगनचे वजन 81.28 टन असते. अशा 58 वॅगनांचा रेक, म्हणजे एकत्र जोडलेली अख्खी माळ, 4,700 टनांच्या घरात जातो. कसारा ते इगतपुरी चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर अंतरामागे 1 मीटर. एवढ्या वजनाची गाडी या चढावर नुसती तोलून धरायची तरी सुमारे 127 टनांची ओढ लागते. ही सारी ओढ पुढच्या इंजिनानेच लावली, तर ती पहिल्या कपलरवर एकवटेल. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात ती केवळ शक्ती वाढवण्यासाठी नव्हे, तर पुढच्या जोडांवरचा ताण मागून ढकलून वाटून घेण्यासाठीही.

कपलरच्या जबड्यात फिरणाऱ्या पोलादी बोटाला रेल्वेतले लोक नकल म्हणतात. ती मुद्दाम तुलनेने कमजोर ठेवलेली असते, जेणेकरून ताण हाताबाहेर गेल्यास कपलरचे मुख्य अंग किंवा वॅगनची चौकट न मोडता आधी नकल मोडावी. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळे बहुतेक बिघाड जागेवरच दुरुस्त होऊ शकतो. जोड सुटताच ब्रेकची हवा वाहून नेणारा होज पाईप निघतो, हवेचा दाब उतरतो आणि दोन्ही भागांना आपोआप ब्रेक लागतात. मागच्या भागातली हवा हळूहळू गळत असल्यामुळे तेथील वॅगनांचे हँडब्रेक आवळून घेणे हे पहिले काम. घाटात त्यात कसूर चालत नाही. त्यानंतर पिन उपसून तुटका तुकडा काढतात आणि दुसरी नकल बसवतात. ती जवळ नसेल, तर जेथे काही जोडलेले नाही अशा टोकाची, उदाहरणार्थ इंजिनाच्या पुढच्या बाजूची, काढून आणता येते. सुमारे 35 किलोचे हे ओझे सहाशे मीटरहून लांब गाडीच्या कडेने, खडीवरून, अनेकदा पावसात आणि अंधारात वाहून न्यावे लागते. जोडणी झाल्यावर दाब पूर्ववत होऊन शेवटच्या वॅगनपर्यंत पोहोचला, याची खात्री करूनच गाडी हलते.

नकलऐवजी कपलरचा दांडा किंवा त्याला मागून धरणारे पोलादी कडे, म्हणजे योक, मोडले असेल, तर मात्र जागेवर इलाज नसतो. पुढचा भाग जवळच्या स्थानकात नेऊन मागचा भाग दुसऱ्या इंजिनाने आणतात आणि नादुरुस्त वॅगन वेगळा काढून सिक लाईनवर, म्हणजे दुरुस्तीसाठी राखलेल्या रुळावर, ठेवतात.

तुटलेला तुकडा फेकून दिला जात नाही. भंगाचा पृष्ठभाग सर्वत्र ताजा, चमकदार आणि दाणेदार असेल, तर अचानक बसलेल्या झटक्याचा, म्हणजे ब्रेक किंवा ओढ हाताळण्यातील चुकीचा संशय येतो. एखाद्या कोपऱ्यात काळपट, गंजलेला पट्टा दिसला, तर तेथे आधीपासून भेग होती आणि ती तपासणीत सुटली, असा निष्कर्ष निघतो. त्यामुळे ओव्हरहॉलिंगच्या वेळी नकलची झीज गेजने मोजणे आणि भेगा शोधणे हे खरे प्रतिबंधक काम ठरते. अधिक ताकदीच्या पोलादाचे कपलर आल्यानंतरही हे काम टळलेले नाही, कारण कपलरची क्षमता वाढली तसा रेकचा भारही वाढत गेला आणि घाटाचा चढ आजही 1:37 च आहे.