शैक्षणिक सहल (महाराष्ट्र)

शाळेतील विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या देखरेखीखाली किल्ले, लेणी, संग्रहालये, अभयारण्ये अशा ठिकाणी नेण्याचा उपक्रम. महाराष्ट्रात सहलींचा हंगाम दिवाळीच्या सुटीनंतर सुरू होतो आणि बहुधा जानेवारीत आटोपतो. पुढे परीक्षांचे वारे वाहू लागतात. गावाशेजारच्या आमराईत किंवा नदीकाठी डबा खाऊन परतायचे ते वनभोजन. अभ्यासक्रमातली ‘क्षेत्रभेट’ ही संज्ञा त्याहून काटेकोर: ठिकाण आधी अभ्यासायचे, प्रश्नावली बरोबर न्यायची, परतल्यावर अहवाल लिहायचा. दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातला पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. त्यातले विद्यार्थी नळदुर्गहून अलिबागला जाताना वाटेत जमीन, पिके आणि घरे कशी बदलतात ते पाहत जातात. खऱ्या बसमध्ये त्या वेळी गाण्यांच्या भेंड्या रंगात आलेल्या असतात.

सहलीचे वाहन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एसटी. ‘प्रासंगिक करारा’वर, म्हणजे ठरावीक प्रवासासाठी अख्खी बस भाड्याने, गाडी घेतली जाते आणि शैक्षणिक सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. हिशेब किलोमीटरवर होत असल्याने वाटेवर पडेल ते प्रत्येक ठिकाण यादीत घालण्याचा मोह शाळांना आवरत नाही. एका दिवसात दोन देवळे, एक किल्ला, एक धरण आणि शेवटी वॉटर पार्क अशी सहल निघते. मुलांच्या लक्षात राहते ते वॉटर पार्क, आणि त्यात मुलांचा दोष नाही.

कमी ठिकाणे आणि जास्त वेळ या दृष्टीने मुंबईजवळचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान नमुनेदार आहे. सुमारे १०४ चौ. किमी.च्या या जंगलाच्या पोटातच कान्हेरीची शंभरहून अधिक बौद्ध लेणी आहेत. म्हणजे वारसा आणि वन्यजीव या दोन्हींसाठी वेगळी बस लागत नाही. शाळा सहसा मोठ्या चैत्यगृहापुढे (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहापुढे) फोटो काढून परततात. खरी गंमत वरच्या खडकावर आहे. तिथे कातळात अरुंद पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचे पाणी त्यांतून वळत वळत लेण्यांच्या दारातल्या टाक्यांत उतरते. कान्हेरीच्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. एका पन्हळीवर बोट ठेवून पाणी कुठे पोहोचेल ते मुलांनाच शोधायला लावले, की डोंगरावर राहणारे भिक्खू उन्हाळ्यात काय पीत असतील याचे उत्तर फळा-खडूशिवाय मिळते. उद्यान सोमवारी बंद असते.

साप्ताहिक सुट्या ही किरकोळ वाटणारी बाब सहलीचे वाटोळे करू शकते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला बाहेरची वाहने फर्दापूरजवळच्या थांब्यावर सोडून पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. तो वेळ वेळापत्रकात क्वचितच धरलेला असतो. शिवाय पहिल्या लेण्यातले बोधिसत्त्व पद्मपाणीचे भित्तिचित्र मंद उजेडात दिसायला डोळे आधी अंधाराला सरावावे लागतात, आणि ते सरावेपर्यंत मागची तुकडी दारात येऊन ठेपते. देवगिरी किल्ल्यातला ‘अंधारी’ हा काळोखा भुयारी मार्ग मात्र अंधारामुळेच लक्षात राहतो. वटवाघळांचा वास, पायाखालच्या उंचसखल पायऱ्या, पुढच्याच्या दप्तराला धरून चालणारी रांग: शत्रूला चकवणारी रचना म्हणजे काय, ते इथे समजावून सांगावे लागत नाही. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ हा किल्ल्यांचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यातल्या १२ किल्ल्यांपैकी तमिळनाडूतला जिंजी वगळता ११ महाराष्ट्रात आहेत. रायगड, प्रतापगड आणि पन्हाळा हे सहलींचे नेहमीचे मुक्कामही त्यांतच येतात.

वन्यजीवांच्या बाबतीत व्याघ्रप्रकल्पाचा हट्ट शाळांनी धरू नये. सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीत जेमतेम सहा पर्यटक बसतात, आरक्षण आधीपासून करावे लागते आणि पन्नास मुले गप्प बसण्याची शक्यता वाघ दिसण्याहूनही कमी. त्यापेक्षा नाशिक जिल्ह्यातले नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य बरे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. सहलींचे महिने आणि स्थलांतरित पक्ष्यांचे महिने इथे नेमके जुळतात. निरीक्षण मनोऱ्यावरून थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच एकदा दुर्बिणीतून पाहिलेला विद्यार्थी चोचींचा तक्ता पाठ करत बसत नाही. भीमाशंकरला राज्यप्राणी शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, दिसतो. त्यासाठी मान वर करून थांबावे लागते, इतकेच.

सहलीसाठी पालकांचे संमतीपत्र, शिक्षण विभागाची परवानगी, मुलींसोबत शिक्षिका आणि प्रथमोपचार पेटी आवश्यक मानली जाते. रात्रीचा प्रवास टाळायचा असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. त्यानंतर समुद्रकिनारी सहली नेण्याबाबतची सावधगिरी वाढली. बससमोर उभे राहून डोकी मोजणे हा प्रत्येक थांब्यावरचा विधी आहे आणि कुठलेही ॲप त्याची जागा घेऊ शकलेले नाही. संरक्षित स्मारकावर नाव कोरणे हा गुन्हा असून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे बस सुटण्याआधी सांगितलेले बरे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात देशातली १०० पर्यटनस्थळे निवडून विद्यार्थ्यांना तिथे अभ्यासासाठी पाठवण्याची कल्पना आहे. खर्चाचा प्रश्न मात्र जुनाच राहतो. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नसते, पण बस आणि जेवण यांचे पैसे घरूनच यावे लागतात. पैसे भरण्याची शेवटची तारीख उलटली की वर्गात दोन याद्या होतात. सहलीच्या दिवशी दुसऱ्या यादीतल्यांसाठी शाळा भरते, हजेरी होते आणि सगळ्या तुकड्यांची उरलेली मुले एकाच वर्गात बसवली जातात.