वैदिक ज्योतिष : पत्रिका कशी मांडतात, कशी वाचतात

माणूस जन्मला त्या क्षणी आकाशात ग्रह कुठे होते याचा नकाशा मांडायचा आणि त्यावरून त्याच्या आयुष्याबद्दल सांगायचं, ही आपल्याकडची जुनी परंपरा म्हणजे वैदिक ज्योतिष. त्या नकाशालाच आपण पत्रिका किंवा कुंडली म्हणतो. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गणित आणि फलित. कुठला ग्रह कुठल्या राशीत किती अंशांवर आहे हे गणित, ते पुण्यात करा नाहीतर नागपुरात, उत्तर एकच यायला हवं. त्याचा अर्थ लावणं म्हणजे फलित, आणि ते गुरुजीगणिक बदलतं. मला विचाराल तर सगळ्यांनी निदान गणित तरी समजून घ्यावं, कारण पत्रिकेच्या नावाने घरात जी भीती शिरते ती बहुतेक वेळा गणित माहीत नसल्यामुळे शिरते.

आधी 'वैदिक' या नावाबद्दल, कारण आजची पत्रिका वेदकाळातली नाही. लगध नावाच्या प्राचीन ग्रंथकाराचं वेदांग ज्योतिष हे यज्ञाची वेळ काढण्यासाठी होतं, त्यात नक्षत्रं आहेत, तिथी आहेत, अयनं आहेत, पाच वर्षांचं युग आहे, पण मेष-वृषभ या राशी नाहीत आणि जन्मकुंडलीही नाही. बारा राशी आणि कुंडली नंतर ग्रीकांशी संबंध आल्यावर आपल्याकडे रुजल्या, होरा, केंद्र, पणफर हे शब्द तिकडूनच आलेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहज्जातकात हे सगळं नीट बांधलेलं सापडतं. हा इतिहास मराठीतूनच वाचायचा असेल तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ आजही उघडावा असा आहे.

आता निरयन म्हणजे काय ते बघू. पेपरात इंग्रजी पद्धतीचं जे राशिभविष्य येतं ते सायन, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या वसंतसंपातापासून मेष मोजायची. आपली पद्धत निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजायची. संपातबिंदू साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, त्यामुळे दोन्हींत आता सुमारे २४ अंशांचा फरक पडलाय, त्यालाच अयनांश म्हणतात. हा फरक आपण दरवर्षी बघतो, सूर्य खरा उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला! आरंभ नेमका कुठून धरायचा यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला, लोकमान्य टिळक रेवती पक्षाचे, म्हणजे रेवती ताऱ्यावरून आरंभ धरणारे, तर व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा पक्षाचे, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून आरंभ ठरवणारे. पुढे शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या सरकारी पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रा पक्षाचाच अयनांश धरला आणि आज बहुतेक पंचांगं आणि ॲप तोच वापरतात.

आपल्याकडे 'तुझी रास कोणती' असं विचारलं की उत्तर चंद्राच्या राशीचं द्यायचं असतं, सूर्याच्या नाही. चंद्र एका राशीत जेमतेम सव्वादोन दिवस असतो. राशीपेक्षा बारीक माप नक्षत्राचं, ३६० अंशांचे २७ भाग, प्रत्येक १३ अंश २० कला (६० कलांचा एक अंश), आणि त्याचे चार चरण. एक उदाहरण घेऊ. समजा बाळाच्या जन्माला चंद्र वृषभेत १५ अंशांवर आहे. रोहिणी वृषभेच्या १० अंशांना सुरू होते, म्हणजे रोहिणीतले ५ अंश झालेत, म्हणजे दुसरा चरण. रोहिणीची अक्षरं ओ, वा, वी, वू, तेव्हा नावरस नाव 'वा' वरून, मग घरी हाक मारायला काहीही ठेवा. याच चंद्रावरून विंशोत्तरी दशा निघते, म्हणजे आयुष्यातला कुठला काळ कुठल्या ग्रहाचा याची वाटणी, नऊ ग्रहांची मिळून १२० वर्षं. रोहिणीचा स्वामी चंद्र, त्याची दशा १० वर्षांची, नक्षत्राचे ८ अंश २० कला उरलेत म्हणून जन्माच्या वेळी ६ वर्षं ३ महिने शिल्लक, मग मंगळाची ७, मग राहूची १८, मग गुरूची १६. म्हणजे हा मुलगा सव्वाएकतिसाव्या वर्षी गुरूच्या महादशेत जाणार. एवढं कागद-पेन घेऊन कोणालाही काढता येतं.

दुसरा खांब लग्नाचा, म्हणजे लग्नरास, जन्मावेळी पूर्वेला उगवत असलेली रास. पृथ्वीच्या फिरण्यामुळे दिवसभरात बाराही राशी उगवतात, म्हणजे सरासरी दोन तासांना एक, चार मिनिटांना एक अंश. नवमांश कुंडली प्रत्येक राशीचे नऊ भाग करून मांडतात, त्यातला एक भाग ३ अंश २० कलांचा, म्हणजे वेळेत पाव तासाची चूक झाली तर नवमांश लग्न बदलू शकतं, तेव्हा 'सकाळी सातच्या सुमारास' हे उत्तर चालत नाही. आपल्या चौकटीच्या कुंडलीत वरचं मधलं घर हे पहिलं स्थान, तिथून डावीकडे वळत मोजायचं. घरात लिहिलेला आकडा हा राशीचा असतो, स्थानाचा नाही, नवशिके इथेच हमखास चुकतात. वरच्या घरात ५ लिहिलं असेल तर सिंह लग्न. दुसरं स्थान धन-कुटुंबाचं, चौथं आई आणि घर, पाचवं संतती, सातवं जोडीदार, दहावं कर्म, असा अर्थ परंपरेने लावलाय. प्रत्येक ग्रह समोरच्या सातव्या घरावर दृष्टी टाकतो, शिवाय मंगळ चौथ्या-आठव्यावर, गुरू पाचव्या-नवव्यावर, शनी तिसऱ्या-दहाव्यावर.

आजोबांच्या काळातल्या पत्रिकेत वेळ घटी-पळांत असते, सूर्योदयापासून मोजलेली. एक घटी २४ मिनिटांची, तिची ६० पळं, तेव्हा १० घटी १५ पळं म्हणजे सूर्योदयानंतर ४ तास ६ मिनिटं. मुंबईतला जन्म असेल तर अजून जपून, तिथे १९५५ पर्यंत शहराचा वेगळा टाइम होता, स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे.

फलित खरं ठरतं का, हे पुण्यात तपासलं गेलंय. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून २०० पत्रिका गोळा केल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी ४० देऊन कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर, नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. श्रद्धा असू दे, पण हा आकडा माहीत असावा.

लग्न जमवताना हे जास्त लागतं. गुणमेलनाचे ३६ गुण, १८ च्या वर जमले तर ठीक मानतात, एकट्या नाडीचे (नक्षत्रांचे तीन गट केलेत, त्यातला आपला गट म्हणजे नाडी) ८, म्हणजे दोघांची नाडी एक आली की ८ गुण एकदम जातात. पण हा सगळा हिशोब फक्त दोघांच्या चंद्रावरून आहे, बाकीच्या ग्रहांकडे त्यात बघतच नाहीत. मंगळाचंही तसंच. लग्नराशीपासून १, ४, ७, ८, १२ या स्थानांत मंगळ असला की मुलगी किंवा मुलगा मंगळी. बारातली पाच घरं धरल्यावर शंभरात चाळीसेक माणसं मंगळी निघणारच, आणि यावरून चांगली स्थळं परत जाताना मी पाहिलीत, फार वाईट वाटतं. साडेसातीला घाबरणाऱ्यांनीही हे गणित करून बघावं. शनी एका राशीत अडीच वर्षं असतो, आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशींची मिळून साडेसात वर्षं. मार्च २०२५ मध्ये शनी मीनेत आला तेव्हापासून ती कुंभ, मीन आणि मेष या तिघांना आहे, म्हणजे कुठल्याही वेळी बारातल्या तीन राशींची माणसं साडेसातीत असतातच, आणि सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाने ती निदान दोनदा तरी काढलेली असते.