पडद्यावर थेट लिहिताना

१९८१च्या आयबीएम पीसीवर पडदा चालवणारं रंगीत कार्ड असेल, तर पडद्यावरचा मजकूर मेमरीत बी८००० (हा सोळाच्या पायावरचा आकडा) या पत्त्यापासून असायचा. २५ ओळी, ओळीत ८० अक्षरं, अक्षरामागे दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. अख्खा पडदा ४,००० बाइटांत! पहिल्या बाइटात ६५ आणि दुसऱ्यात ३१ टाकले की वरच्या डाव्या कोपऱ्यात निळ्यावर पांढरा इंग्रजी ‘ए’ उमटायचा. बायोसला, म्हणजे पीसीतल्या अंगभूत मूळ प्रोग्रॅमला, सांगूनही हे व्हायचं, पण बरंच हळू. आपल्याकडे टर्बो सी या प्रोग्रॅमिंगच्या साधनावर शिकलेल्या अनेकांना ही युक्ती ठाऊक असेल.

८०२८६ प्रोसेसरबरोबर १९८२मध्ये प्रोटेक्टेड मोड, म्हणजे मेमरीला संरक्षण देणारी कामाची पद्धत, आला आणि युक्ती अडली. या मोडमध्ये सेगमेंट रजिस्टरमधला (मेमरीचा कोणता भाग वापरायचा ते सांगणाऱ्या प्रोसेसरमधल्या जागेतला) आकडा पत्ता सांगत नाही, तर तक्त्यातल्या एका नोंदीकडे बोट दाखवतो. जागा कुठे सुरू होते, केवढी आहे, तिथे लिहायची मुभा आहे का, हे ती नोंद ठरवते. जुन्या सवयीने तिथे बी८०० (बी८००० पत्त्याचं रजिस्टरमधलं जुनं रूप) भरलं की बहुधा प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो. बायोस तर जुन्या, संरक्षण नसलेल्या रिअल मोडचा. त्याच्याकडे जायचं तर मोड बदलून जा, पुन्हा परत या. त्यामुळे एकदा योग्य नोंद मिळाली की थेट लिहिणं आधीपेक्षाही फायद्याचं ठरतं.

संरक्षणामुळे प्रत्येक बाइट लिहायला उशीर होतो, हा समज मात्र मला चुकीचा वाटतो. ती तपासणी प्रोसेसर लिहिता लिहिताच करतो. वेळ जातो तो कार्डाच्या मेमरीत, विशेषतः तिथून वाचताना. म्हणून मजकूर वर सरकवायचा असेल तर पडद्याची प्रत साध्या मेमरीत ठेवावी, तिथे बदल करावा आणि मग एकदम पाठवावी.

खरी किंमत वेगळीच आहे. मोनोक्रोम कार्डाची मेमरी बी००००पासून, म्हणजे प्रोग्रॅमला हार्डवेअर ओळखावं लागतं. शिवाय दोन प्रोग्रॅम एकाच पडद्यावर लिहू लागले की सगळी खिचडी.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने काढलेली वाट मला पटते. फ्रेमबफरची, म्हणजे पडद्यावरचं चित्र जिथे साठतं ती, मेमरी हवी असेल तर प्रोग्रॅमने कर्नलकडे (सिस्टिमच्या गाभ्याकडे) एकदाच मागायची. मिळाली की ती त्याच्या पत्त्यांमध्ये जोडली जाते आणि पुढचं लिखाण कर्नलला न विचारता होतं. पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारा आकडा) चुकला तरी सहसा तोच प्रोग्रॅम कोसळतो, शेजारचा सुरक्षित राहतो. पण मुभा दिल्यावर कर्नल मध्ये नसतो. म्हणून वापरकर्त्याने दुसरा कन्सोल (त्याच पडद्यावरचं दुसरं कामाचं पान) मागितला की चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला सिग्नल पाठवून पडदा सोडायला सांगण्याची सोय करावी लागली, आणि त्या प्रोग्रॅमने होकार दिला नाही तर ती अदलाबदल अडून राहते.