खोका मागण्याआधी माल कुठे जाणार ते सांगा

इंदूरमध्ये आम्ही पुठ्ठ्याचे खोके बनवतो. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे येणारे फराळवाले, मसालेवाले ग्राहक आधी विचारतात, "पाच किलोचा खोका केवढ्याला?" भाव सांगतोच. पण आमचा उलटा प्रश्न असतो: माल इथल्याच राजवाड्यावरच्या दुकानात जाणार, ट्रान्सपोर्टने पुण्याला, की कुरिअरने?

दुकानात जाणाऱ्या मालाला तीन प्लायचा (कागदाच्या तीन थरांचा) खोका सहसा पुरतो. ट्रान्सपोर्टचं तसं नाही. बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) झाली की तोच खोका गोडाऊनमध्ये, गाडीत आणि तिकडे उतरवताना पुन्हा पुन्हा थप्पीत जातो, आणि तळाच्या खोक्यावर सगळा भार येतो. हा भार मुख्यतः चार कोपरे पेलतात. कोपऱ्यावर कोपरा बसवून रचलेली थप्पी म्हणूनच भक्कम. विटांसारखी सांधे मोडून रचली तर ती हलत नाही खरी, पण खोक्याची ताकद निम्म्यापर्यंत घसरू शकते. हम्मालाला कोण सांगणार? म्हणून आम्ही ताकद आधीच जास्त धरतो.

लोणच्याच्या बरण्या थोडा भार स्वतः घेतात, चिवड्याची फुगीर पाकिटं घेत नाहीत. म्हणजे हलक्या चिवड्यालाच जास्त मजबूत खोका लागतो! हे पुष्कळांना पटत नाही. बरण्यांना मात्र आत पुठ्ठ्याचे कप्पे हवेत.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे माल जात असेल तर पाच प्लायच घ्या. इंदूरच्या उन्हाळ्यात कडक वाटणारा पुठ्ठा तिकडच्या दमट हवेत ओल शोषतो आणि मऊ पडतो. तिथे दोन पैसे वाचवू नका.

कुरिअरचं गणित निराळं. बहुतेक हवाई कुरिअर लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले 5000 असं वजन काढतात, आणि खरं वजन व हे वजन यांत जे जास्त त्याचे पैसे घेतात. 40 × 30 × 30 च्या खोक्यात 4 किलो चिवडा भरलात तर बिल 7.2 किलोचं. पाकिटं नीट बसवून उंची 20 वर आणलीत तर 4.8 किलोचं. खोक्याचं माप बदलून जेवढे पैसे वाचतात, तेवढे स्वस्तातला खोका घेऊन सहसा वाचत नाहीत.

शेव मऊ पडली म्हणून खोक्याला दोष देऊ नका. ओल अडवणं हे काम आतल्या मेटलाइज्ड (धातूचा पातळ थर दिलेल्या) पाकिटाचं; त्यात भरलेला नायट्रोजन मुख्यतः खवटपणा रोखतो. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा परवान्याचा) 14 अंकी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी आणि तारखाही विक्रीच्या पाकिटावरच हव्यात, नुसत्या खोक्यावर छापून भागत नाही.

खाण्याखेरीज दुसरा मालही येतो. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांतल्या यंत्रांच्या सुट्या भागांना गंजरोधक व्हीसीआय पिशवी लागते. परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीवर बहुतेक देश आयएसपीएम 15 चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का मागतात. लाकडी पेट्या आम्ही बनवत नाही, पण माप जुळवून देतो.

येताना भरलेली पाकिटं घेऊन या, रिकामी नको. नमुन्याचा खोका त्यावरच बेतू. तो भरून, वरच्या-खालच्या सांध्यांना आणि कडांना टेप मारून एकदा खरोखर पाठवून पाहा, आणि मग ऑर्डर द्या.