अकरा महिन्यांचा करार केला म्हणून मालक सुटत नाही

पाथर्डी फाटा असो की सिडको, नाशिकमध्ये फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांकडून हे हमखास ऐकू येतं: "अकरा महिन्यांचा करार, नोटरी केली की पुरे. भाडेकरू आत काय करतो, त्याच्याशी आपला संबंध नाही." दोन्ही समज चुकीचे आहेत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दुसरा समज जास्त घातक. एनडीपीएस कायदा, १९८५ म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, त्याचं कलम २५ सांगतं की अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी जागा जाणूनबुजून वापरू दिली, तर मालकालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा. सगळं 'जाणूनबुजून' या शब्दावर आहे. खरंच अंधारात असलेल्या मालकाने घाबरू नये. पण शेजाऱ्यांनी दोनदा सांगूनही तुम्ही भाडं घेत राहिलात, तर "मला काय माहीत" हे न्यायालयाला पटवणं कठीण. २०२३ मध्ये आपल्याच शिंदे गावात एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना सापडला. हे दूरच्या शहरातलं प्रकरण नाही.

संशय आला तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. १९३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही कळवता येतं. स्वतः कुलूप तोडून सामान बाहेर फेकू नका, कृपा करून. पुरावा नष्ट होतो आणि उलट तक्रार तुमच्यावर येते. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहू देण्याच्या कराराची, मुदत संपूनही भाडेकरू जागा सोडत नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. तिथे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाईही मागता येते.